घराण्यांचा गाजावाजा

४ सप्टेंबर २०१६, रविवारची रात्र. ऑस्टिन शहरातलं टेक्सास विद्यापीठाचं मैदान लाखभर माणसांनी गच्च भरलेलं. समोर नोटर डेम, ऑगस्टच्या क्रमवारीत दहावा संघ. सामना बरोबरीत सुटला, जादा वेळेतही निकाल लागेना, म्हणून दुसऱ्यांदा जादा वेळ. अखेर टेक्सासचा धिप्पाड क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ल्याचा सूत्रधार, टायरोन स्वूप्स चेंडू कवटाळून रेषेवर झेपावला आणि गुणफलक ५०-४७ वर थांबला. समालोचक जो टेसिटोरे ओरडले, ‘टेक्सास परतलंय, मंडळी!’

दोन दिवसांत नवी क्रमवारी आली. सामन्याआधी यादीत नसलेलं टेक्सास थेट अकराव्या क्रमांकावर. मग हंगाम पुढे सरकला आणि हवा निघत गेली. नोव्हेंबरमध्ये टेक्सासला कॅन्ससने हरवलं. त्याआधी कॅन्ससने टेक्सासला हरवलं होतं ते १९३८ साली. हंगामाअखेर टेक्सासचा हिशेब ५ विजय, ७ पराभव. प्रशिक्षक चार्ली स्ट्राँग घरी. नोटर डेमचा हिशेब त्याहून वाईट, ४ विजय आणि ८ पराभव. देशभर ज्या रात्रीचा जल्लोष झाला, ती रात्र त्या वर्षीच्या दोन फसलेल्या संघांची होती. ‘टेक्सास परतलंय’ हे वाक्य आता अमेरिकेत कुणाची फिरकी घ्यायची असली की वापरतात.

हे फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ खेळतात ते नव्हे. हेल्मेट, खांद्यांची ढालबंदी आणि लांबुडका चेंडू असलेलं हे अमेरिकन फुटबॉल, आणि तेही विद्यापीठांचं. ऑगस्टअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, मुख्यतः शनिवारी, या खेळाचा दरबार भरतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची अधिकृत क्षमता १,०७,६०१. वानखेडेवर मावतात त्याच्या तिप्पट माणसं. नोटर डेम, अलाबामा, ओहायो स्टेट, मिशिगन, टेक्सास, यूएससी, नेब्रास्का, ओक्लाहोमा ही या खेळातली घराणी. गाण्यातल्या घराण्यासारखंच इथेही नाव उच्चारलं की बैठकीचा मान ठरतो. फरक इतकाच, की इथे मानाबरोबर पैसा, खेळाडू आणि शंभरेक वर्षं तर अजिंक्यपदही नावावरून ठरत आलं.

असं होण्याचं कारण खेळाच्या रचनेत आहे. वरच्या श्रेणीत १३० हून अधिक संघ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात १२ सामने. सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. आयोवातला विजय मोठा की जॉर्जियातला, हे गुणतक्ता सांगत नाही. ते कुणीतरी ठरवावं लागतं. ठरवणारे म्हणजे आधी वार्ताहर, मग प्रशिक्षक, आता समिती. दुसरं कारण खेळाडूंच्या निवडीचं. व्यावसायिक एनएफएलमध्ये सर्वांत दुबळ्या संघाला नव्या खेळाडूंमधून पहिली निवड करता येते. विद्यापीठांत तसं काही नाही. सतरा वर्षांचा मुलगा स्वतः विद्यापीठ निवडतो, आणि जिथे टीव्हीवर दिसू, जिथलं नाव गावातल्या सगळ्यांना ठाऊक असेल, तिकडे त्याचा ओढा असतो. गाजावाजा खेळाडू आणतो, खेळाडू विजय आणतात, विजय पुन्हा गाजावाजा आणतात. या रहाटात आधी शिरले त्यांची घराणी झाली.

नोटर डेम कसं शिरलं, याची तारीखही सांगता येते: १८ ऑक्टोबर १९२४. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोटर डेमने लष्करी अकादमीच्या संघाला १३-७ असं हरवलं. वार्ताहरांच्या कक्षात जॉर्ज स्ट्रिकलर हा विद्यार्थी होता. प्रशिक्षक नूट रॉक्नी यांच्या प्रसिद्धीचं काम तो पाहायचा. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा प्रलयाच्या चार घोडेस्वारांवरचा सिनेमा त्याच्या डोक्यात ताजा होता आणि मध्यंतरात त्याने तो विषय काढला. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनचे ग्रँटलंड राइस तिथेच होते. त्यांच्या वृत्तान्ताची सुरुवात त्याच घोडेस्वारांनी झाली आणि स्टुलड्रेअर, क्राउली, मिलर, लेडन या नोटर डेमच्या चार खेळाडूंची नावं बायबलच्या उंचीवर जाऊन बसली. स्ट्रिकलर तेवढ्यावर थांबला नाही. नोटर डेमच्या गावी, साउथ बेंडला परतल्यावर त्याने भाड्याचे चार घोडे मैदानात आणवले, चौघांना पूर्ण पोशाखात त्यांच्यावर बसवलं आणि छायाचित्र काढून घेतलं. वृत्तसंस्थांनी ते देशभर पोचवलं. प्रत्यक्ष खेळात घोडा कुठेच नव्हता. तरी आज शंभर वर्षांनी लोकांना आठवतात ते घोडेच.

गंमत अशी, की त्याच दिवशी, त्याच वेळेच्या आसपास, इलिनॉय विद्यापीठाच्या रेड ग्रेंजने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले. खेळ म्हणून तो पराक्रम कदाचित मोठाच. पण राइस न्यूयॉर्कला होते.

रॉक्नींना वर्तमानपत्रांची नस नेमकी सापडली होती. १९१८ ते १९३० या काळात त्यांनी १०५ सामने जिंकले, फक्त १२ हरले. म्हणजे माल अस्सल होता. पण तो खपवण्याची हातोटीही होती. शिकागो ट्रिब्यूनचे नामांकित क्रीडालेखक वॉल्टर एकरसॉल नोटर डेमच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे आणि त्याच सामन्यांवर लिहायचेही. तेव्हा त्यात कुणाला फारसं वावगं वाटत नसे. रेडिओ आला तेव्हा अनेक विद्यापीठं दबकत होती. नोटर डेमने वाटेल त्या केंद्राला सामने प्रसारित करू दिले. आयरिश, इटालियन, पोलिश स्थलांतरितांच्या कॅथलिक वस्त्यांत शनिवारी दुपारी हा संघ घरोघरी पोचला. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही, असे लाखो लोक त्याचे चाहते झाले. न्यूयॉर्कमधल्या अशा चाहत्यांना ‘भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी’ म्हणत. १९३१ मध्ये रॉक्नी विमान अपघातात गेले आणि १९४० मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला. त्यात जॉर्ज गिप या अकाली गेलेल्या खेळाडूचं काम रोनाल्ड रेगन यांनी केलं. पुढे रेगन राष्ट्राध्यक्ष झाले तरी ‘गिपर’ हे नाव त्यांना चिकटलेलंच राहिलं.

धोक्याची घंटा त्या काळातच वाजली होती. कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९ च्या अहवालाने विद्यापीठीय खेळांच्या बाजारीकरणावर कोरडे ओढले आणि त्यात वर्तमानपत्रांच्या भूमिकेलाही वेगळी जागा दिली. अहवालाची चर्चा झाली, मैदानं मात्र भरतच राहिली.

१९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडापत्रकारांची मतं घेऊन आठवड्याला क्रमवारी काढू लागली. सामने शनिवारचे, मधल्या दिवसांत पानं भरायला वाद हवा होता, तो क्रमवारीने पुरवला. १९५० मध्ये हंगामापूर्वीची क्रमवारीही सुरू झाली. एकही चेंडू फेकला जाण्याआधी साठेक पत्रकार मतं देतात ती गेल्या वर्षीचा निकाल, प्रशिक्षकाचं नाव आणि विद्यापीठाचा लौकिक बघून. वरकरणी हा ऑगस्टमधला विरंगुळा. पण वर बसलेला संघ हरला तर दोन-चार पायऱ्याच उतरतो, आणि यादीबाहेरच्याला तेवढंच चढायला सलग विजय लागतात. शिवाय वरच्याला हरवलं की हरवणाऱ्याचा भाव वाढतो, त्यामुळे घराण्यांशी खेळणारी घराणी एकमेकांना आपोआप वर ढकलतात.

याचं जुनं उदाहरण १९६६ चं. नोटर डेम पहिलं, मिशिगन स्टेट दुसरं. १९ नोव्हेंबरला दोघांची गाठ. ‘शतकातला सामना’ असा डांगोरा पिटला गेला. १०-१० अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटांत नोटर डेमचे प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी जिंकायचा धोका न पत्करता वेळ काढला. मतदारांनी तरीही नोटर डेमलाच अजिंक्य ठरवलं. त्याच वर्षी सर्वच्या सर्व सामने जिंकलेलं अलाबामा तिसरं राहिलं. यात एक धागा लौकिकाचा होता, दुसरा काळाचा: अलाबामाच्या संघात तेव्हा एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि नागरी हक्कांच्या लढ्याच्या त्या वर्षांत हे उत्तरेकडच्या मतदारांच्या नजरेतून सुटणारं नव्हतं. मतपेटीत फक्त खेळ पडत नाही, हे दोन्ही बाजूंनी खरं ठरलं.

एखादं बिनघराण्याचं पोर या मांडवात शिरलंच नाही असं नाही. १९८४ मध्ये युटाचं ब्रिगहम यंग विद्यापीठ हंगामापूर्वीच्या यादीत नव्हतं. सगळे १३ सामने जिंकून ते अजिंक्य ठरलं. पण शेवटच्या सामन्यात त्यांनी हरवलेलं मिशिगन त्या वर्षी सुमार होतं, म्हणून कुरकुर झालीच. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाने १३ पैकी १३ जिंकले, आणि शेवटी ज्या ऑबर्नला हरवलं त्याने अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांना त्याच हंगामात पाणी पाजलं होतं. तरी संघ निवडणाऱ्या समितीने त्यांना अजिंक्यपदासाठीच्या चार संघांच्या प्लेऑफजवळ फिरकूही दिलं नव्हतं. विद्यापीठाने मग स्वतःच स्वतःला विजेता जाहीर करून मिरवणूक काढली.

सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाची कथा याहून चटकदार आहे. १९५६ मध्ये तो नोटर डेमच्या पॉल हॉर्नंगला मिळाला. त्या वर्षी नोटर डेम १० पैकी ८ सामने हरलं होतं. त्याच मतदानात सिरॅक्यूजचा जिम ब्राउन पाचवा आला, ज्याचं नाव आज एनएफएलच्या सार्वकालिक श्रेष्ठांत घेतलं जातं. १९७० मध्ये नोटर डेमच्या क्वार्टरबॅकचं आडनाव घरात ‘थीझमन’ उच्चारत. प्रसिद्धी अधिकारी रॉजर वाल्डिसेरी यांनी ते ‘थाइझमन’ करून टाकलं, करंडकाशी यमक जुळावं म्हणून. जो थाइझमन दुसरा आला, करंडक स्टॅनफर्डच्या जिम प्लंकेटने नेला. आडनावाचा नवा उच्चार मात्र कायमचा राहिला.

मग दूरचित्रवाणी. १९५० च्या दशकापासून प्रक्षेपणाची सूत्रं एनसीएए या मध्यवर्ती संघटनेच्या मुठीत होती आणि एखादा संघ किती वेळा दिसावा यावर मर्यादा होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं न्यायालयात गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही मक्तेदारी मोडली. विरोधी मत नोंदवणाऱ्या बायरन व्हाइट यांनी तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाकडून हाच खेळ गाजवला होता. निकालानंतर ज्याच्या नावाला प्रेक्षक, त्याच्या घरी वाहिन्यांची रांग. नोटर डेमने १९९० मध्ये एकट्याच्या बळावर एनबीसीशी पाच वर्षांचा, ३ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. हे नातं वाढत वाढत २०२९ पर्यंत पोचलं आहे. टेक्सासने ईएसपीएनबरोबर २० वर्षांसाठी ३० कोटी डॉलरचा करार करून २०११ मध्ये स्वतःची वाहिनीच काढली. एका विद्यापीठाची चोवीस तासांची वाहिनी! त्यानंतरच्या दशकात टेक्सासला मैदानावर फारसं काही जमलं नाही; वाहिनी २०२४ मध्ये बंद झाली.

इथे हितसंबंधांचा प्रश्न येतो. ईएसपीएन सामने विकत घेते, तेच सामने दाखवते, त्यांवर चर्चा करते आणि समितीची साप्ताहिक क्रमवारीही तिच्याच पडद्यावर जाहीर होते. दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या एसईसी या परिषदेची, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या गटाची, वाहिनी तिच्याच मालकीची. ‘कॉलेज गेमडे’ हा तिचा शनिवार सकाळचा कार्यक्रम १९९३ मध्ये पहिल्यांदा स्टुडिओ सोडून मैदानावर गेला तो नोटर डेमच्याच अंगणात. एकरसॉल पंचाची शिट्टी खिशात ठेवून लिहायचे. आताचा व्यवहार कित्येक पटींनी मोठा, पण जात तीच. वाहिनी निकाल ठरवते असा आरोप सिद्ध करता येत नाही. मात्र कुणाबद्दल किती बोलायचं, हे ती ठरवते, आणि मतदारही तोच टीव्ही बघतात.

या कौतुकाचे बळी घराणीच ठरतात, हा भाग कमी बोलला जातो. २०१२ मध्ये यूएससी पहिल्या क्रमांकावरून निघालं आणि ७ विजय, ६ पराभवांवर थांबलं. ४ विजय, ८ पराभव अशा वर्षानंतरही नेब्रास्काला २०१९ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या पंचविसांत जागा मिळाली, शेवट ५-७. टेक्सास ए अँड एम या वेगळ्या विद्यापीठाने प्रशिक्षक जिंबो फिशर यांना १० वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर देऊन आणलं तेव्हा अजिंक्यपदाची पाटीही भेट दिली, सालाची जागा कोरी सोडून. ती कोरीच राहिली. २०२२ मध्ये सहाव्या क्रमांकावरून सुरुवात करून ५-७, आणि २०२३ मध्ये फिशर यांना काढताना करारापोटी साडेसात कोटींहून अधिक रक्कम देणं आलं. चाहत्यांच्या अपेक्षा वर्तमानपत्रं वाढवतात, बिल विद्यापीठ भरतं.

काळी बाजूही आहे. २०१२ मध्ये नोटर डेमचा खेळाडू मँटाय टेओ याची आजी आणि प्रेयसी पाठोपाठ गेल्याची, तरीही तो लढत असल्याची कहाणी मोठमोठ्या प्रकाशनांनी छापली, दाखवली. जानेवारी २०१३ मध्ये डेडस्पिन या संकेतस्थळाने शोधून काढलं, की आजीचं निधन खरं, प्रेयसी मात्र अस्तित्वातच नव्हती. टेओ स्वतः फसवला गेला होता. एक मृत्यूनोंद तपासली असती तर पुरलं असतं. पण नोटर डेम, अपराजित हंगाम आणि अश्रू असा साचा इतका ओळखीचा होता, की तपासावंसं कुणाला वाटलं नाही. पेन स्टेटचं प्रकरण तर फार गंभीर. तिथले प्रशिक्षक जो पॅटर्नो यांची ‘चारित्र्य घडवणारा गुरू’ ही प्रतिमा माध्यमांनी अनेक दशकं जपली. त्यांचा माजी सहप्रशिक्षक जेरी सँडस्की याच्यावरच्या बाललैंगिक अत्याचाराच्या चौकशीची बातमी मार्च २०११ मध्ये हॅरिसबर्गच्या पेट्रियट-न्यूजमध्ये सारा गॅनिम या तरुण वार्ताहराने दिली. राष्ट्रीय माध्यमांनी नोव्हेंबरमध्ये आरोपपत्र येईपर्यंत तिच्याकडे जवळपास काणाडोळा केला. गॅनिम यांना पुढे पुलित्झर मिळालं. पॅटर्नो यांचा पुतळा जुलै २०१२ मध्ये हलवण्यात आला.

घराण्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. अलाबामाचे निक सेबन यांनी २००९ ते २०२० या काळात सहा अजिंक्यपदं मिळवली; तिथला गाजावाजा उधारीचा नव्हता. लिंकनमधलं नेब्रास्काचं मैदान कागदोपत्री १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला हाउसफुल्ल आहे, आणि त्यात ३ जिंकून ९ हरल्याचं वर्षही आलं. ही निष्ठा कुठल्या वाहिनीने निर्माण केलेली नाही. वाहिन्या तिच्यावर जगतात.

अजिंक्यपद मैदानावर ठरावं म्हणून २०१४ च्या हंगामापासून चार संघांचं आणि २०२४ पासून बारा संघांचं प्लेऑफ आलं. मतांचं वजन त्याने कमी झालं, संपलं नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकूनही बाहेर राहिलं. क्वार्टरबॅक जखमी असल्याचं कारण देत समितीने एक पराभव पदरी असलेल्या अलाबामाला आत घेतलं. उलट २०२५ मध्ये नोटर डेम आणि मायामी दोघांचाही हिशेब १०-२. ऑगस्टमध्ये मायामीने नोटर डेमला २७-२४ असं हरवलेलं. समिती आठवड्यामागून आठवडे नोटर डेमला वर ठेवत राहिली आणि अगदी शेवटच्या यादीत क्रम उलटून नोटर डेम प्लेऑफबाहेर राहिलं. दुखावलेल्या नोटर डेमने हंगामानंतरचा सामना खेळायलाच नकार दिला. समोरासमोरचा निकाल गाजावाज्यावर मात करू शकतो. पण त्याला तीन महिने थांबावं लागलं.

त्यामुळे नावाचं वजन आता करंडकाकडून तिजोरीकडे सरकलं आहे. बिग टेन परिषदेने २०२२ मध्ये केलेले सात वर्षांचे प्रक्षेपण करार ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे असल्याचं सांगितलं गेलं. त्यासाठी लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए शतकभराचे शेजारी सोडून निघाली, मागोमाग ओरेगन आणि वॉशिंग्टन, आणि पश्चिम किनाऱ्याची जुनी परिषद कोसळली. नाव छोटं म्हणून ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोघेच मागे राहिले. खेळात त्यांनी असा कोणताही गुन्हा केला नव्हता.

३० ऑगस्ट २०२५ ला ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसमध्ये सगळा सरंजाम एकत्र आला. गेमडेचे ज्येष्ठ विश्लेषक ली कॉर्सो यांनी आपल्या शेवटच्या कार्यक्रमात विजेत्याचं भाकीत म्हणून ओहायो स्टेटच्या शुभंकराचा मुखवटा चढवला. १९९६ मध्ये पहिला मुखवटाही त्यांनी तिथेच, तोच चढवला होता. समोर टेक्सास, इतिहासात प्रथमच हंगामापूर्वी पहिल्या क्रमांकावर. त्यांचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग, एनएफएल गाजवलेल्या पेटन आणि एली यांचा पुतण्या. त्याने आधीच्या हंगामात सुरुवातीपासून खेळलेले सामने दोन, तरी हाइझमनच्या सट्ट्यात तो आघाडीवर. टेक्सास १४-७ असं हरलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिल्या पंचविसांतूनच बाहेर पडलं. ऑगस्टमध्ये दुसरं असलेलं पेन स्टेटही त्याच आठवड्यात यादीबाहेर गेलं. टेक्सासने पुढे स्वतःला सावरलं, ९-३ पर्यंत आणलं, पण प्लेऑफचं दार उघडलं नाही.

जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ असं हरवून अजिंक्य झालं ते इंडियाना. मोठ्या संघांत सर्वाधिक पराभवांचा विक्रम या विद्यापीठाने वर्षानुवर्षं बाळगला होता. त्यांनी त्या हंगामातले १६ च्या १६ सामने जिंकले. ऑगस्टच्या यादीत पत्रकारांनी त्यांना विसावं ठेवलं होतं.